म्युऑन मोजणाऱ्या मॅडम

आमच्या कॉलेजात मॅडमना कुणी साधा प्रश्न विचारत नसे. "मॅडम, प्राचार्य आलेत का?" असं विचारलं तर त्या म्हणायच्या, "मघाशी होते. आत्ताचं माहीत नाही." शिपाई वैतागून म्हणायचा, "हायेत का नाय, एवढं सांगा की." त्यावर त्या खरोखर विचारात पडायच्या आणि तोवर शिपाई निघून गेलेला असायचा.

त्या भौतिकशास्त्राच्या, मी मराठीचा. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारीशेजारी होत्या, कारण तिथल्या पंख्याचं काही खरं नव्हतं आणि तिथं बसायला दुसरं कुणी तयार नव्हतं. नवीन माणसाला आणि म्हाताऱ्या माणसाला मिळते तशी ती जागा होती.

आकडा सांगितला की त्याच्यामागं "कमी-जास्त" लावल्याशिवाय त्यांचं वाक्य पुरं होत नसे. सहलीला मुलं किती? "चाळीस, कमी-जास्त पाच." पेपर कधी तपासून होतील? "सोमवारी, कमी-जास्त एक दिवस." आमच्या शहरात नळाला पाणी कधी येणार हा बारमाही प्रश्न. कुणी म्हणे परवा, कुणी म्हणे तेरवा. मॅडम म्हणायच्या, "सहाव्या दिवशी, कमी-जास्त तीन." सगळे हसायचे. पण त्यांचा हा एक अंदाज कधी चुकला नाही, हेही खरं.

शहरातल्या छावणी भागात त्यांनी दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. मी जवळच राहतो, त्यामुळं आठवडी बाजारात कधी कधी गाठ पडायची. एकदा मेथीवाल्याला त्या म्हणाल्या, "परत तोला." त्यानं परत तोलली. "अजून एकदा." तो म्हातारा हात जोडून म्हणाला, "मॅडम, मेथी है ये, सोना नै." मॅडम ओशाळल्या. वाटेत मला म्हणाल्या, "त्याच्यावर संशय नाही हो सर. एकदाच मोजलेलं मला पचत नाही. सवयच तशी लागलीय."

ही सवय कुठं लागली ते मला तुकड्यातुकड्यानं कळलं. घर पैठणच्या अलीकडं, धरणाच्या पाण्याजवळच्या एका गावात. वडील मेंढरं राखायचे, नंतर थोडी शेती, थोडी मजुरी. पोरगी हुशार निघाली, शिष्यवृत्त्या मिळवत गेली आणि शेवटी अमेरिकेत एका मोठ्या प्रयोगात जाऊन पोचली. तिथं बरीच वर्षं काढली. आई अंथरुणाला खिळली म्हणून परत आल्या. वर्षभरानं आई गेली. मग वडील एकटे राहतील म्हणून इथंच थांबल्या आणि आमच्या कॉलेजात तासिकेवर लागल्या. तासिकेवर म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्या तासांपुरते तुम्ही कॉलेजचे. सुट्टी लागली की तुम्ही कुणीच नाही.

एका दुपारी गणिताचे सर डबा उघडता उघडता म्हणाले, "मॅडम, तुम्ही तिकडं नेमकं करत काय होता?" विचारण्यात थोडी चेष्टा होती. मॅडमना चेष्टा कळत नसे. त्यांनी आपला तळहात टेबलावर उताणा ठेवला.

"आत्ता या हातातून म्युऑन जातायत. साधारण सेकंदाला एक. कमी-जास्त."

सर हाताकडं बघायला लागले. मीही बघितलं.

"वर आकाशात, अवकाशातून आलेले कण हवेवर आपटतात, त्यातून हे तयार होतात. म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचाच थोरला भाऊ. सगळं तसंच, फक्त दोनशे पट जड. आणि आयुष्य एवढंसं. सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातले दोन भाग."

"मग त्याचं करायचं काय?" सर म्हणाले.

"मोजायचं. म्युऑन म्हणजे एक बारकं लोहचुंबक आहे. त्याला मोठ्या चुंबकाच्या कड्यात फिरवलं की तो भोवऱ्यासारखा डुलतो. भोवरा मंदावला की त्याचं डोकं कसं गोल गोल डुलतं, तसं. ते किती वेगानं डुलतं तेवढं आम्ही मोजत होतो."

"बस?"

"बस. पण त्यात गंमत आहे. आपण म्हणतो ना, पोकळी रिकामी असते. ती रिकामी नसते. तिच्यात सारखे कण उगवतात आणि मावळतात. ते म्युऑनला धक्के देतात, त्यामुळं त्याचं डुलणं किंचित बदलतं. आपल्याला माहीत असलेल्या सगळ्या कणांचे धक्के जमेला धरून ते किती बदलेल, याचं गणित करता येतं. आणि मोजलेला आकडा त्या गणिताशी जुळला नाही तर?"

"तर गणित चुकलं," गणिताचे सर म्हणाले.

"किंवा आपल्याला माहीत नसलेला कुणीतरी धक्का देतोय."

हे त्या इतक्या हळू म्हणाल्या की डबा खाणारे दोघंतिघं थांबले. वीस-एक वर्षांपूर्वी पहिल्यांदा मोजलं तेव्हा जुळलं नव्हतं, असं त्यांनी सांगितलं. मग खात्री करायला तेच कडं, पन्नास फूट रुंदीचं, न मोडता दुसऱ्या प्रयोगशाळेत नेलं. समुद्रातून, नदीतून, मग रस्त्यानं. जरा पिळवटलं असतं तर निकामी झालं असतं. गावोगाव लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून बघत होते. आणि नव्यानं मोजलं, तरीही जुळलं नाही. तेव्हा जगभरच्या पेपरांत बातम्या आल्या की निसर्गातल्या माहीत असलेल्या चार बलांखेरीज एक नवीन बल सापडतंय.

"किती बारीक मोजता तुम्ही?" मी विचारलं. मला त्यातलं तेवढंच विचारता येण्यासारखं वाटलं.

त्यांनी थोडा हिशेब केला. "समजा इथून पैठणपर्यंतचं अंतर मोजायचंय. आणि चूक व्हायची ती हरभऱ्याच्या दाण्याएवढी."

पण मला सगळ्यात जास्त लक्षात राहिली ती घड्याळाची गोष्ट. डुलणं मोजायचं म्हणजे घड्याळ लागणार. त्यांच्या प्रयोगात ते घड्याळ मुद्दाम किंचित चुकीचं लावलेलं असायचं. किती चुकीचं, ते प्रयोगाबाहेरच्या दोनच माणसांना माहीत. बाकीच्या सगळ्यांनी चुकीच्या घड्याळावर वर्षानुवर्षं हिशेब करायचे. सगळ्यांचं काम पक्कं झालं, एकमेकांचं तपासून झालं, आता कुणी काही बदलणार नाही असं ठरलं, की मग ती चूक उघड करायची आणि खरा आकडा बघायचा.

"ही आंधळी कोशिंबीर कशासाठी?" मी म्हणालो.

"उत्तर दिसत असलं की माणूस तिकडं सरकतो, सर. लबाड असतो म्हणून नाही. दमलेला असतो म्हणून. आकडा मनासारखा आला की आपण तपासणं थांबवतो. मनाविरुद्ध आला की चूक सापडेपर्यंत शोधतो. म्हणून दिसूच द्यायचं नाही."

हेच त्यांनी कॉलेजात आणलं. अंतर्गत परीक्षेचे पेपर त्या नाव आणि हजेरी क्रमांक दुमडून, पिन मारून तपासायच्या. मुलांना त्याचं काही वाटलं नाही. उलट मुलींना आवडलं. पण एका वर्षी संस्थेच्या अध्यक्षांचा भाचा त्यांच्या विषयात नापास झाला.

प्राचार्यांनी त्यांना बोलावलं. मी दुसऱ्या कामानं तिथंच बसलो होतो. आमचे प्राचार्य वाईट माणूस नव्हते. निवृत्तीला आलेले होते आणि त्यांना भांडण नको होतं.

"मॅडम, तो पेपर जरा परत बघता का?"

"बघितला ना सर. दोनदा."

"नाव बघून बघितला का?"

"नाही. नाव झाकलेलं होतं."

"तेच म्हणतोय मी. एकदा नाव बघून बघा."

मॅडम त्यांच्याकडं बघत राहिल्या. त्यांना खरंच कळलं नव्हतं. मग कळलं. "नाव बघून बघितला तर तो तपासलेला पेपर राहणार नाही, सर," त्या म्हणाल्या. रागावून नाही, अडचण सांगावी तशा. प्राचार्यांनी डोळे चोळले आणि "बरं, जा" म्हणाले. पुढच्या वर्षी मॅडमचे तास कमी झाले. का, ते कुणी बोललं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी त्यांच्या प्रयोगाचा शेवटचा निकाल आला. त्यांनी तिथं असताना जमवलेली मोजमापंही त्यात होती. बातमी त्यांना फोनवर आली, दुपारी डब्याच्या वेळी. त्यांनी ती वाचली, फोन पालथा ठेवला आणि भाकरीचा तुकडा मोडला.

"काय झालं?" मी विचारलं.

"आकडा आला. आधीसारखाच, पण कितीतरी जास्त पक्का. आम्ही मोजलं ते बरोबर होतं."

"मग चांगलंच झालं की."

"गणित बदललंय, सर." त्या पाणी प्यायल्या. "मधल्या काळात दुसऱ्या लोकांनी मोठमोठ्या संगणकांवर तेच गणित वेगळ्या रीतीनं केलं. ते आमच्या आकड्याजवळ आलं. आता फरकच उरत नाही. नवीन बल नाही, नवीन कण नाही. जे माहीत होतं तेवढंच आहे, असं दिसतंय."

गणिताच्या सरांनी चेष्टा केली नाही. ते म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं कशासाठी मग?"

"आकड्यासाठी," मॅडम म्हणाल्या आणि जेवत राहिल्या. भाजी त्यांनी तशीच ठेवली. त्या दिवशीचा दुपारचा तास त्यांनी नेहमीसारखा घेतला. संध्याकाळी आम्ही क्रांती चौकात एका रिक्षात बसलो. वाहतूक तुंबली होती. त्या बाहेर बघत एकदाच बोलल्या. "घरी सांगितलं नव्हतं मी कुणाला, पण मला वाटायचं, ते असेल." ते म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. एवढं मला कळत होतं.

आणि नेमकी त्याच महिन्यात कॉलेजला कायम जागा भरायची परवानगी आली. भौतिकशास्त्राची एक जागा. किती वर्षांनी, ते मोजायचं आम्ही सोडून दिलं होतं. मुलाखतीच्या आदल्या दिवशी प्राचार्यांनी मॅडमना आणि मला बोलावलं. भाच्याचं प्रकरण त्यांच्या मनात असावं. त्यांना भरपाई करायची होती असं मला वाटलं.

"मॅडम, तुमच्यावेळी पेपरात आलं होतं ना, नवीन बलाची चाहूल म्हणून? उद्या विचारलं तर तेवढं सांगा. समितीत कुणाला पुढचं माहीत असणार नाही. आणि ते काही खोटं नाही, छापून आलेलं आहे."

"तेव्हा खरं होतं ते, सर."

"मग तेव्हाचंच सांगा."

मॅडम उठल्या. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "प्राचार्य तुमच्या भल्याचंच सांगतायत." त्या म्हणाल्या, "हो. मला कळतंय ते."

दुसऱ्या दिवशी मी त्या खोलीत होतो, कागदपत्रं पडताळून पुढं सरकवायला. मत द्यायचा अधिकार मला नव्हता. समितीत संस्थेचे अध्यक्ष होते, प्राचार्य होते आणि बाहेरून आलेले एक तज्ज्ञ होते, पांढऱ्या केसांचे, हळू बोलणारे. त्यांनी मॅडमची फाइल सावकाश चाळली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"अरे वा. त्या प्रयोगात होता तुम्ही. मी वाचलं होतं. पाचवं बल. सांगा ना, काय सापडलं?"

प्राचार्य माझ्याकडं बघत होते. मी कागद नीट लावत होतो.

"काही नाही, सर," मॅडम म्हणाल्या. "जुना सिद्धांत बरोबर आहे, असं दिसतंय."

"पण बातम्यांत तर..."

"ते आमच्या प्रयोगाच्या पहिल्या निकालाच्या वेळचं. शेवटच्या निकालापर्यंत गणितच सुधारलं. आता फरक राहिला नाही."

अध्यक्ष पहिल्यांदाच बोलले. "म्हणजे एवढी माणसं, एवढी वर्षं, आणि निघालं काय तर पुस्तकात होतं तेच बरोबर?"

"हो. बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

इथं त्यांनी थांबायला पाहिजे होतं. पण प्रश्न विचारला होता, आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अर्धं ठेवणं त्यांना जमत नसे. "गणित करायच्या दोन रीती आहेत, सर. नव्या रीतीनं जुळतं. जुन्या रीतीला लागणारी जी मोजमापं आहेत, त्यांचंच आपसात जुळत नाही. त्यातलं कोणतं चुकतंय ते अजून कळलेलं नाही. त्यामुळं फरक नाहीच, असंही खात्रीनं सांगता येत नाही."

तज्ज्ञांनी पेनाला टोपण लावलं. मॅडम आभार मानून उठल्या.

चहाच्या वेळी ते तज्ज्ञ माझ्याजवळ व्हरांड्यात येऊन उभे राहिले. म्हणाले, "बाई खरं बोलल्या. शब्द न् शब्द खरं. पण मी शेऱ्यात लिहू काय? काही सापडलं नाही, असं?" ते मलाच विचारत होते की स्वतःलाच, कोण जाणे. कपात चहा तसाच राहिला त्यांच्या.

जागा दुसऱ्याला मिळाली. तो मुलगाही चांगला होता, मन लावून शिकवतो. मॅडमनीच त्याला प्रयोगशाळेतलं कुठलं मीटर किती चुकीचं दाखवतं ते समजावून सांगितलं. कायम माणूस आला की तासिका संपतात. छावणीतल्या खोल्या सोडून त्या गावी गेल्या. निरोप समारंभ तासिकेच्या माणसाचा होत नसतो. आम्ही चौघांनी मिळून चहा घेतला, झालं.

चार-सहा महिन्यांनी मला पैठणला एका लग्नाला जायचं होतं. येताना वाकडी वाट करून त्यांच्या गावी गेलो. पत्र्याचं घर, पुढं लिंबाचं झाड, त्याखाली बाज. मागं लांबवर धरणाचं पाणी दिसत होतं. वडील बाजेवर बसले होते. मॅडम गावापासून जवळच्या शाळेत शिकवत होत्या, तीही तात्पुरती, बदलीवरची जागा. आल्या आणि मला बघून गोंधळल्या, मग चहा टाकायला आत गेल्या.

वडील म्हणाले, "तुमी तिचे कालेजातले सर व्हय? लई नाव घेती तुमचं."

"बरं चाललंय ना?"

"चाललंय की. पोरगी बोलत नाय फार. परदेसातनं फोन येतेत. बोलती घंटा घंटा. आन् ठिवला की गप."

चहा घेऊन मॅडम आल्या तेव्हा मी फोनचं विचारलं. त्या बाजेच्या कडेला बसल्या. जपानमध्ये तोच आकडा परत मोजणार आहेत, त्यांनी सांगितलं. वेगळं यंत्र, लहान कडं, म्युऑन आधी थंड करून घ्यायचे आणि मग पळवायचे. जुन्या प्रयोगाची एकही वस्तू त्यात नाही. जुन्या ओळखीच्या एका बाईंनी बोलावलं होतं. काही वर्षांचं काम होतं.

"पण एकदा मोजून झालंय ना?" मी म्हणालो. "तेही इतकं बारीक."

"आम्हीच मोजलंय, सर. दोन्ही वेळा त्याच रीतीनं, त्याच कड्यात. दुसऱ्या कुणीतरी दुसऱ्या रीतीनं मोजलं पाहिजे."

"तुम्ही दुसऱ्या कुठं आहात मग?"

त्या हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना निवांत हसताना फार कमी बघितलंय. "मी पडेल ते काम करणार तिथं. तारा जोडीन."

"आणि बाबा?"

त्यांनी वडिलांकडं बघितलं. बोलणं इथंच अडलेलं दिसत होतं. वडिलांनी चहाची बशी खाली ठेवली, मिशा पुसल्या.

"म्या सांगितलंय तिला. तुजी आय हुती तवा तू आलीस. ती गेली. आता माज्या मरणाची वाट बघत बसू नगं हितं. मला करमतं. भाऊबंद हायेत, शेजार हाये."

"बाबा, असं नका बोलू," मॅडम म्हणाल्या.

"मंग कसं बोलू? सरांपुढं बोलतो म्हंजी तरी ऐकशील." ते माझ्याकडं वळले. "सर, ती जा म्हणलं तरी इचार करती, नगं म्हणलं तरी इचार करती. तुमी सांगा."

मला काय सांगता येणार होतं. मी तीस वर्षं एकाच कॉलेजात व्याकरण शिकवलं. जपान नकाशात कुठं आहे एवढंच मला माहीत. मी म्हणालो, "मॅडम, जायचंय का तुम्हाला?" आणि हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला होता का, असं मला त्याच क्षणी वाटलं.

त्या पाण्याकडं बघत होत्या. शेजारच्या वाड्यावरून मेंढरांच्या घंट्यांचा आवाज येत होता.

"दमलेय मी, सर," त्या म्हणाल्या. "खरं सांगते. तिथं जाऊन परत तेच करायचं. तीच वाट बघायची. आणि बहुतेक तेच उत्तर येणार."

"मग?"

"हो," त्या म्हणाल्या. "जायचंय."

वडिलांनी मान हलवली आणि उठले. आत जाऊन त्यांनी पत्र्याची मोठी ट्रंक ओढत बाहेर आणली, अंगणात ठेवली आणि पंच्यानं तिच्यावरची धूळ झटकायला लागले. मॅडम म्हणाल्या, "बाबा, ते अजून लांब आहे. आणि विमानात असली ट्रंक नेत नाहीत."

"नसू दे," ते म्हणाले, आणि झटकत राहिले.